बसलं म्हणजे चाललं असं नाही: राउटरला स्विच मॉड्यूल जुळतं का, हे कसं पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा. एका पतसंस्थेच्या मुख्य शाखेत सिस्कोचा २९११ राउटर आहे. त्याच्या अंगचे तिन्ही पोर्ट वापरात आहेत: दोन इंटरनेटच्या लाइनींना, एक आतल्या नेटवर्कला. आता दोन नवे काउंटर, सीसीटीव्हीचा एक रेकॉर्डर आणि तीन आयपी फोन जोडायचे आहेत. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे राउटरात बसवून पोर्ट वाढवणारी दोन स्विच कार्डं, म्हणजे मॉड्यूलं, आहेत. एकावर एनआयएम-ईएस२-४ लिहिलंय, दुसऱ्यावर एचडब्ल्यूआयसी-४ईएसडब्ल्यू. दोन्ही चार पोर्टांची, दोन्ही सिस्कोची. व्यापारी म्हणतो, कुठलंही न्या, कंपनी एकच आहे. यातलं कुठलं चालेल, आणि पुढच्या वेळी हे आपलं आपल्याला कसं ओळखता येईल?

आधी उत्तर देतो, मग कारणं. पहिलं कार्ड घेऊ नका, ते तुमच्या राउटरात बसणारच नाही. दुसरं बसेल, चालेलही, पण त्यातून नेटवर्कच्या केबलवाटे फोनला वीज मिळणार नाही. तुमचे फोन वेगळ्या अडॅप्टरवर चालणार नसतील, तर ते कार्डही तुमच्या कामाचं नाही.

सिस्कोच्या शाखा-राउटरांच्या पिढ्या आहेत, आणि प्रत्येक पिढीची कार्ड बसवायची खाच वेगळी. २००४ साली १८४१, २८११ वगैरे मालिका आली, तिच्यासोबत एचडब्ल्यूआयसी ही खाच आली. बोलताना आम्ही तिला एचविक म्हणतो. २००९ साली १९४१, २९०१, २९११ ही दुसरी पिढी आली आणि खाच झाली ईएचविक. हिच्यात जुनी एचविक कार्डं चालतात, कारण ती सोय ठेवूनच ती बनवली. उलटं मात्र होत नाही. ईएचविक कार्ड १८४१ किंवा २८११ मध्ये चालत नाही. २०१३ मध्ये ४४५१ आणि पुढच्या वर्षी ४३३१, ४३५१ असे ४००० मालिकेतले राउटर आले, तेव्हा खाच पूर्ण बदलली. ती निम, म्हणजे तुमच्या व्यापाऱ्याकडच्या पहिल्या कार्डावरची एनआयएम ही तीन अक्षरं. निम कार्ड आकारानंच मोठं आहे. ते २९११ मध्ये जात नाही आणि २९११ ची कार्डं ४३३१ मध्ये जात नाहीत.

म्हणून कार्डाच्या नावातली सुरुवातीची अक्षरं आधी वाचायची. "स्विच" आणि "चार पोर्ट" हे शब्द नंतर. निम्म्या चुका इथेच थांबतात.

पण नुसत्या अक्षरांवरही विसंबू नका. २८०१ या राउटरला समोर चार खाचा आहेत, दिसायला सारख्याच. त्यातल्या १ आणि ३ क्रमांकाच्या खाचांतच एचविक चालतं. ० क्रमांकाची खाच व्हॉइस कार्डांसाठी आहे, २ क्रमांकाचीत एचविकच्या आधीची जुनी विक (डब्ल्यूआयसी) कार्डं चालतात. खाचेशेजारी बारीक अक्षरात क्रमांक छापलेला असतो, तो टॉर्च मारून वाचावा लागतो. असंच दुहेरी रुंदीच्या कार्डांचं. ईएचविक-डी-८ईएसजी हे आठ पोर्टांचं कार्ड, त्यातला डी म्हणजे दुहेरी. त्याला शेजारशेजारच्या दोन खाचा लागतात आणि मधली पट्टी काढावी लागते. २९११ ला अशा चार खाचा आहेत, पण त्यातल्या एकीत व्हॉइसचं कार्ड आणि दुसरीत सिरियलचं कार्ड बसलेलं असेल, तर दोन रिकाम्या खाचा उरूनही त्या शेजारी नसतील. त्यामुळे आधी रॅकसमोर उभं राहून कोणत्या खाचेत काय आहे ते कागदावर उतरवा.

आमच्याकडे नव्यानं येणारी बरीच मुलं कॉलेजात पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सरावाच्या सॉफ्टवेअरवर शिकलेली असतात. तिथे २९११ उघडला की त्याला चालणाऱ्या मॉड्यूलांचीच यादी समोर येते. वीज बंद करायची, एचविक-४ईएसडब्ल्यू ओढून खाचेत टाकायचं, झालं. सराव म्हणून ते उत्तम आहे. मात्र निवड तिथे सॉफ्टवेअरनं आधीच केलेली असते. बाजारात ती आपल्याला करायची असते, आणि ती करायची सवय कुणी लावलेली नसते.

आता कागद. प्रत्येक कार्डाचं डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, असतं आणि त्यात कोणत्या राउटरांवर ते चालतं याचा तक्ता असतो. राउटरच्या डेटाशीटमध्येही कोणती मॉड्यूलं चालतात याची यादी असते. मी दोन्ही उघडतो. दोन्हीकडे नाव जुळलं तरच पुढे जातो. हे करताना कार्डाचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, जुळवायचं. ईएचविक-४ईएसजी आणि ईएचविक-४ईएसजी-पी यात फरक एका "पी"चा आहे, आणि तो "पी" म्हणजे पोर्टमधून वीज देण्याची सोय. हे पूर्ण नाव कार्डाच्या स्टिकरवर असतं. राउटरमध्ये आधीपासून काय बसलंय ते पाहायला "शो इन्व्हेंटरी" ही कमांड द्या. प्रत्येक भागापुढे त्याचं नाव, वर्णन, पीआयडी, व्हीआयडी आणि सिरियल क्रमांक येतो. पीआयडी म्हणजेच ते पूर्ण नाव. तक्त्याशी जुळवायचं ते हेच, विकणाऱ्याच्या बिलावरचं वर्णन नाही.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर. कार्ड खाचेत बसलं, दिवा लागला, तरी राउटरच्या आयओएसला, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, ते ओळखता आलं पाहिजे. प्रत्येक कार्डाला किमान कोणती आवृत्ती लागते हे डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. तुमच्याकडची आवृत्ती "शो व्हर्जन"मध्ये दिसते. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या राउटरमध्ये पहिल्या दिवशी टाकलेली प्रतच चालू असते, आणि तो राउटर बाजारात आल्यानंतर निघालेलं कार्ड तिला माहीत नसतं. याची एक खूण सांगतो. "शो डायग" दिल्यावर कार्डाचं नाव दिसतंय, कारण ते कार्डावरच्या चिपमधून वाचलं जातं. पण "शो आयपी इंटरफेस ब्रीफ"मध्ये त्याचे पोर्ट कुठेच नाहीत. असं दिसलं की कार्ड खराब आहे असं लगेच ठरवू नका, आधी आयओएसची आवृत्ती तपासा. चांगली कार्डं या एका कारणानं परत गेलेली मी पाहिली आहेत.

वीज हा चौथा मुद्दा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्याच्या शाखेचं काम आमच्याकडे होतं. राउटर २९११च. आयपी फोन बसवायचे म्हणून ईएचविक-४ईएसजी-पी मागवलं होतं. तक्ता जुळला, आयओएस जुळलं, खाच रिकामी होती. रात्री दहाला राउटर बंद केला, कार्ड बसवलं, चालू केला. चारही पोर्ट दिसले. लॅपटॉप लावला, नेटवर्क मिळालं. मग फोन लावला आणि त्याचा पडदा काळाच राहिला. दुसरा फोन, दुसरी केबल, दुसरा पोर्ट, सगळं करून झालं. "शो पॉवर इनलाइन" दिल्यावर उपलब्ध वीज शून्य. तेव्हा "शो इन्व्हेंटरी"ची शेवटची ओळ नीट वाचली: पीडब्ल्यूआर-२९११-एसी. म्हणजे साधा वीजपुरवठा. फोनला वीज द्यायची तर पीडब्ल्यूआर-२९११-पीओई (पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून वीज देणं) हा वेगळा पुरवठा राउटरच्या आत हवा होता. कार्ड निर्दोष होतं. त्याला देण्यासाठी राउटरकडे वीजच नव्हती. स्वागतकक्षातली बाई सकाळी सातला येणार होती. तिच्यासाठी आम्ही रात्री फोनचे अडॅप्टर शोधत फिरलो. ती शेवटची ओळ कार्ड मागवायच्या आधी वाचायला हवी होती. तेव्हापासून ग्राहकाकडून मी "शो इन्व्हेंटरी"चा पूर्ण मजकूर मागवतो, अर्धा स्क्रीनशॉट चालत नाही.

हिशेबही करून पाहा. ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. चार पोर्ट पूर्ण क्षमतेनं धरले तर ६१.६ वॅट. साधे फोन एवढी ओढत नाहीत, पण कॅमेरा किंवा वायफायचा अॅक्सेस पॉइंट लावला तर जवळ जाऊ शकतात. राउटरच्या वीजपुरवठ्याची पीओईची क्षमता डेटाशीटमध्ये वेगळी दिलेली असते. ती आणि जोडायच्या उपकरणांची बेरीज शेजारी मांडून बघा. ४००० मालिकेतही हेच. ४३३१ मध्ये निम-ईएस२-८-पी टाकायचं तर वीजपुरवठा पीडब्ल्यूआर-४३३०-पीओई-एसी आहे का ते आधी पाहायचं.

पाचवा प्रश्न: हे कार्ड तुम्हाला हवं ते काम करणार आहे का? जुळणं आणि उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्विच कार्डाचे पोर्ट दुसऱ्या थराचे (लेयर २, थोडक्यात एल२) असतात, म्हणजे आयपी पत्ता न पाहता डेटा पुढे देणारे. त्यांना राउटरच्या पोर्टसारखा आयपी पत्ता देता येत नाही. एचविक-४ईएसडब्ल्यूच्या पोर्टवर "आयपी अॅड्रेस" कमांड दिली की राउटर सरळ सांगतो की एल२ लिंकवर आयपी पत्ता ठेवता येणार नाही. पत्ता द्यायचा तो "इंटरफेस व्हीलॅन"ला, आणि पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये टाकायचे. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क. काउंटर, फोन, रेकॉर्डर यांच्यासाठी हेच योग्य आहे. पण कुणाला तिसरी इंटरनेट लाइन जोडायला स्वतःचा आयपी पत्ता घेणारा स्वतंत्र राउटेड पोर्ट हवा असेल आणि त्यानं हे कार्ड आणलं, तर त्याची निराशा होईल. त्याच्यासाठी एचविक-२एफई सारखं राउटेड पोर्टांचं कार्ड वेगळं मिळतं. पोर्टांचा आकार तोच, आत लावायची केबल तीच, काम मात्र पूर्ण निराळं.

वेगाकडेही लक्ष द्या. एचविक-४ईएसडब्ल्यूचे पोर्ट १०/१०० चे आहेत, गिगाबिट नाहीत. त्यावर व्हीलॅनही जास्तीत जास्त १५. पतसंस्थेच्या कामाला ते पुरेल, पण आज हातात पैसे घालून १०० मेगाबिटचं कार्ड घ्यावं का, हा विचार करण्यासारखा आहे. शिवाय २८०० मालिकेच्या राउटरांत अशी दोनच स्विच कार्डं लावता येत, आणि दोन्ही एकाच स्विचसारखी वागायला हवी असतील तर त्यांच्यामध्ये बाहेरून एक केबल टाकून दोन्हीकडे ती जोडणी लिहावी लागे. म्हणजे आठ पोर्ट घेतले तरी दोन त्या केबलला जात. २९११ च्या पिढीत मॉड्यूलांना आपसात जोडणारा आतला मार्ग आला आणि ईएचविक स्विच कार्डांचा हा त्रास संपला.

२९११ ला आणखी एक मोठी खाच आहे, एसएम नावाची. तिच्यात एसएम-ईएस२-१६-पी किंवा एसएम-ईएस३जी-२४-पी अशी मोठी स्विच मॉड्यूलं बसतात. ती घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: ते मॉड्यूल म्हणजे पेटीच्या आत बसवलेला स्वतंत्र स्विच आहे. त्याचं आयओएस वेगळं, कॉन्फिगरेशन वेगळं. राउटरमधून "सर्व्हिस-मॉड्यूल" कमांडनं त्याच्या आत शिरावं लागतं. राउटरचा बॅकअप घेतला म्हणजे त्याचा बॅकअप घेतला असं होत नाही. एका ठिकाणी असा बॅकअप तीन वर्षं घेतलाच गेला नव्हता, आणि मॉड्यूल बिघडलं त्या दिवशी प्रत्येक पोर्टचं व्हीलॅन आम्हाला केबलच्या चिठ्ठ्या वाचून पुन्हा लिहावं लागलं. त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांची शाई उडालेली होती.

जुना माल घेताना आणखी दोन गोष्टी करा. व्यापाऱ्याला सांगा, हेच कार्ड २९११ मध्येच लावून राउटर चालू करा आणि "शो इन्व्हेंटरी"चा फोटो पाठवा. ज्याच्याकडे माल आहे त्याच्याकडे बहुधा एखादा २९११ पडलेला असतोच. लॅमिंग्टन रोडवर असं करून देणारे दुकानदार मला भेटले आहेत. फोटोतला सिरियल क्रमांक आणि कार्डाच्या स्टिकरवरचा क्रमांक एकच आहे का ते अक्षर-अक्षर जुळवा. सिस्कोच्या नावाची नकली कार्डं बाजारात फिरतात, आणि हे दोन क्रमांक वेगळे निघाले तर तो सौदा तिथेच सोडा. दुसरं, बिलावर पूर्ण पीआयडी आणि सिरियल लिहून घ्या, नुसतं "सिस्को कार्ड ४ पोर्ट" नको.

बसवण्याबद्दल. २९११ मध्ये ही कार्डं चालू राउटरमध्ये घालायची नसतात. वीज पूर्ण बंद करूनच. ४४५१ सारख्या राउटरमध्ये निम कार्ड चालू स्थितीत बदलता येतं, तेही "एचडब्ल्यू-मॉड्यूल सबस्लॉट" कमांडनं आधी त्याला थांबवून. तिथलं ऐकून इथे करू नका. बंद करण्यापूर्वी कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि त्याची प्रत लॅपटॉपवर घ्या. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. कार्ड कडेला धरा, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवर टेकवा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखं आत ढकला. शेवटच्या काही मिलिमीटरला थोडा जोर लागतो आणि मग कनेक्टर बसल्याचं हाताला कळतं. अर्ध्यावर अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढून रूळ बघा. कार्ड पूर्ण आत गेल्यावर दोन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर कार्ड तिरकं बसतं. ज्या खाचा रिकाम्या राहतील त्यांवर झाकणपट्टी लावलेली ठेवा, नाहीतर पंख्याची हवा तिथूनच निघून जाते आणि आतले भाग तापतात.

राउटर चालू झाला की "शो इन्व्हेंटरी"त कार्ड दिसतं का, मग पोर्ट दिसतात का ते पाहा. ० क्रमांकाच्या खाचेत एचविक-४ईएसडब्ल्यू असेल तर पोर्टांची नावं फास्टइथरनेट ०/०/० ते ०/०/३ अशी येतात. "शो व्हीलॅन-स्विच"मध्ये चारही पोर्ट व्हीलॅन १ मध्ये दिसले पाहिजेत. मग व्हीलॅन बनवा, "इंटरफेस व्हीलॅन"ला पत्ता द्या, "नो शटडाउन" द्या, आणि एका पोर्टला लॅपटॉप लावून पिंग करून बघा. पुढे कधी कार्ड दुसऱ्या खाचेत हलवलं तर पोर्टांची नावं बदलतात आणि जुन्या नावांखाली लिहिलेलं नव्या पोर्टांना लागू होत नाही, हेही लिहून ठेवा.

आता तुमच्या शाखेचं. तीन फोन आणि एक रेकॉर्डर धरले तरी चार पोर्ट संपतात. दोन काउंटरचे संगणक फोनच्या मागच्या पोर्टला जोडता येतील, तसं केलं तर कसंबसं भागतं आणि जागा एकही उरत नाही. फोनला वीज हवी असेल तर एचविक-४ईएसडब्ल्यू बाद. मग ईएचविक-४ईएसजी-पी आणि त्याच्यासोबत पीओई वीजपुरवठा, असा दुहेरी खर्च.

त्यात आणखी एक गोष्ट मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. २९०० मालिकेची विक्री डिसेंबर २०१७ मध्ये थांबली आणि ३१ डिसेंबर २०२२ ला सिस्कोचा आधारही संपला. म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या या राउटरला मिळत नाहीत. तुमच्याकडे लोकांच्या ठेवी आहेत आणि हाच राउटर थेट इंटरनेटला तोंड देऊन उभा आहे. त्याच्यात आज आणखी पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही कार्डं घेतली नसती. आठ किंवा सोळा पोर्टांचा, पीओई असलेला, व्हीलॅन करता येणारा एक बाहेरचा स्विच घेतला असता. आतल्या नेटवर्कला दिलेला राउटरचा तिसरा पोर्ट त्या स्विचला ट्रंक म्हणून, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारी एकच जोडणी म्हणून, जोडा. राउटरवर त्या पोर्टचे सब-इंटरफेस, म्हणजे एकाच पोर्टचे आभासी भाग, करून काउंटर, फोन आणि रेकॉर्डर यांना वेगवेगळी व्हीलॅन द्या. प्रत्येक सब-इंटरफेसवर "एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू" ही कमांड आणि तिच्यापुढे व्हीलॅनचा क्रमांक द्या. फोनची वीज स्विच देईल, राउटरच्या आतलं काही बदलावं लागणार नाही, आणि उद्या राउटर बदलला तरी स्विच तसाच कामाला येईल. कार्डाच्या बाबतीत ते होत नाही. २९११ गेला की त्याचं कार्डही गेलं, कारण पुढच्या राउटरात ते बसत नाही. रॅकमध्ये खरोखरच जागा नसेल, किंवा एकाच प्लगवर सगळं चालवायची सक्ती असेल, तर मात्र कार्डाचा विचार करा. अशा शाखा मी पाहिल्या आहेत, जिन्याखालच्या कपाटात सगळं कोंबलेलं असतं. तिथे कार्डच बरं पडतं.

स्विच आणण्यापूर्वी तीनही फोनच्या तळाचं स्टिकर वाचा. त्यावर ८०२.३एएफ लिहिलंय की नुसता अडॅप्टरचा व्होल्ट दिलाय, ते पाहा. नुसता व्होल्ट असेल तर फोनचं डेटाशीट उघडून खात्री करा. आणि व्यापाऱ्याला निम कार्डासाठी आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती आजच परत मागा.